ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी: मैल, पाइंट, स्टोन आणि किलो यांचा मेळ कसा घालावा

नोकरी, शिक्षण किंवा कुटुंबाच्या निमित्ताने ब्रिटनमध्ये आलेल्या मराठी माणसाला पहिल्या काही दिवसांतच मापांचा घोळ जाणवू लागतो. पेट्रोल लिटरने मिळते, पण गाडीचे ॲव्हरेज गॅलनच्या हिशेबाने सांगतात. बटाटे किलोने मिळतात, पण शेजारचे आजोबा स्वतःचे वजन स्टोनमध्ये सांगतात. हवामानाच्या बातम्यांत तापमान सेल्सिअसमध्ये असते, पाऊस मिलिमीटरमध्ये असतो आणि वाऱ्याचा वेग मात्र ताशी मैलांत दिलेला असतो. वरवर पाहता याला काही धरबंध नाही असे वाटते. प्रत्यक्षात कोणत्या प्रसंगी कोणते माप वापरायचे हे इथे बऱ्यापैकी ठरलेले आहे आणि नवख्या माणसाने शिकायचे ते तेवढेच.

या मिश्रणामागे अर्धवट राहिलेले एक स्थित्यंतर आहे. मेट्रिक पद्धतीकडे जाण्याचे धोरण ब्रिटिश सरकारने १९६५ साली जाहीर केले, त्यासाठी १९६९ मध्ये एक मंडळ नेमले आणि १९८० मध्ये ते गुंडाळलेही. चलनाचे दशमान पद्धतीत रूपांतर १५ फेब्रुवारी १९७१ रोजी एका दिवसात झाले. रस्त्यांवरचे फलक १९७३ मध्ये बदलण्याचा बेत मात्र १९७०च्या अखेरीस पुढे ढकलला गेला आणि तो कायमचा राहूनच गेला. भारताने हेच काम १९५६च्या कायद्यानंतर काही वर्षांत उरकले आणि आपल्याकडचे शेर व मण बाजारातून गेले, त्यामुळे ब्रिटिशांचे हे रेंगाळणे आपल्याला जरा नवलाचे वाटते. ढोबळ नियम असा सांगता येईल की जिथे वजनकाटा, सरकारी कागद किंवा कारखाना येतो तिथे मेट्रिक माप चालते, जिथे नुसते बोलणे असते तिथे जुने माप चालते, आणि रस्ता व पब या दोन ठिकाणी जुने माप कायद्यानेच राखलेले आहे.

पहिली पायरी: आपल्याला आधीपासून काय येते ते ओळखा

आपण पूर्णपणे मेट्रिक देशातून आलो आहोत हा समज आधी बाजूला ठेवावा. आपणही उंची फूट-इंचांत सांगतो, फ्लॅट चौरस फुटांत विकत घेतो, टीव्ही आणि पँटची कंबर इंचांत मोजतो, आणि गावाकडची जमीन एकर-गुंठ्यांत बोलतो. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद; ही लांबी इंग्रजी मोजणीतल्या साखळीची बरोबर अर्धी आहे, आणि ६६ फुटांची ती पूर्ण साखळी म्हणजेच क्रिकेटच्या खेळपट्टीचे २२ यार्ड. ब्रिटिश रेल्वे आजही पुलांची आणि स्थानकांची जागा नोंदवताना मैल व साखळी हीच मापे वापरते. तेव्हा फूट, इंच आणि एकर यांवर वेळ घालवण्याचे कारण नाही. बुटांचे आकडेही भारतात बहुधा ब्रिटिश पद्धतीचेच असतात. खरोखर नव्याने अंगवळणी पाडायची मापे म्हणजे मैल, यार्ड, स्टोन, पाइंट आणि थोड्या प्रमाणात गॅलन.

दुसरी पायरी: रस्त्यावर उतरण्यापूर्वी

इथे चूक जिवावर किंवा निदान खिशावर बेतू शकते, म्हणून सुरुवात रस्त्यापासून करावी. भारतीय परवान्यावर ग्रेट ब्रिटनमध्ये स्थायिक झाल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. त्या काळात लाल वर्तुळातला प्रत्येक आकडा ताशी मैलांत आहे हे मनावर बिंबवले पाहिजे, कारण फलकावर नुसता आकडा असतो, एकक लिहिलेले नसते. ३० म्हणजे ताशी ४८ किलोमीटर, ६० म्हणजे ९७ आणि ७० म्हणजे ११३. रस्त्यावर दिवे असलेल्या वस्तीच्या भागात वेगळा फलक नसेल तर मर्यादा ३० धरायची. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून अशा रस्त्यांवर ती २० झाली आहे. पांढऱ्या वर्तुळावर काळी तिरकी पट्टी असलेला फलक दिसला तर त्यावर आकडाच नसतो. मोटारीसाठी त्याचा अर्थ दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ६० आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर ७० असा आहे. पट्टी म्हणजे ‘मर्यादा संपली’ अशी समजूत करून घेतली तर दंडाचे पत्र घरी येते.

अंतरे मैलांत आणि छोटी अंतरे यार्डांत लिहिलेली असतात. यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर, म्हणून गाडी चालवताना यार्ड आणि मीटर एकच मानले तरी काही बिघडत नाही. अडचण होते ती इंग्रजी एम या एका अक्षरामुळे. अंतर दाखवणाऱ्या फलकावर आकड्यापुढे एम असेल तर तो मैल असतो. पुलाखालची उंची किंवा रस्त्याची रुंदी दाखवणाऱ्या फलकावर तेच अक्षर मीटरसाठी येते. घर बदलताना उंच व्हॅन भाड्याने घेणार असाल तर चालकाच्या जागी लिहिलेली गाडीची उंची निघण्यापूर्वी मीटर आणि फूट-इंच अशी दोन्ही प्रकारे पाहून ठेवावी, कारण जुन्या काही फलकांवर फक्त फूट-इंच असतात. फोनमधला नकाशा भारतातून आणलेल्या सेटिंगवर किलोमीटर सांगत राहतो, तोही मैलांवर आणावा; नाहीतर फोन आठशे मीटर म्हणतो, फलक अर्धा मैल म्हणतो आणि वळण निघून जाते.

ब्रिटिश परवान्याची परीक्षा द्यायची असेल तर तिथे पुन्हा मीटर भेटतो. परीक्षेच्या सुरुवातीला उभ्या गाडीची नंबरप्लेट २० मीटरवरून वाचून दाखवावी लागते, तर गाडी थांबायला लागणारे अंतर अधिकृत वाहतूक पुस्तिकेत मीटर आणि फूट अशा दोन्ही मापांत दिलेले आहे: ताशी ३० मैलांना २३ मीटर आणि ७० मैलांना ९६ मीटर. मीटरचेच आकडे पाठ करावेत. आपल्याला ते डोळ्यांसमोर आणता येतात. उत्तर आयर्लंडमधून आयर्लंडच्या प्रजासत्ताकात गाडी नेणार असाल तर सीमा ओलांडताच फलक किलोमीटरचे होतात, कारण त्या देशाने जानेवारी २००५ मध्ये वेगमर्यादा बदलल्या.

गाडी विकत घेताना विक्रेता एमपीजी म्हणजे मैल प्रति गॅलन सांगेल. त्याला ०.३५ ने गुणले की आपल्या ओळखीचे किलोमीटर प्रति लिटर मिळतात, म्हणजे ४० एमपीजीची गाडी लिटरला साधारण १४ किलोमीटर जाते आणि ५० एमपीजीची साडेसतरा ते अठरा. हा गॅलन ४.५४६ लिटरचा आहे, अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, अमेरिकी संकेतस्थळावर वाचलेला आकडा इथल्या आकड्याशी ताडून पाहू नये.

तिसरी पायरी: घर घेताच गॅसचा मीटर पाहा

या पायरीकडे बहुतेक मार्गदर्शक दुर्लक्ष करतात. माझ्या मते मापांच्या या मिश्रणाचा थेट पैशांशी संबंध सर्वांत जास्त इथेच येतो. मुंबई-पुण्यात पाइपच्या गॅसचे बिल घनमीटरवर येते. ब्रिटनमध्ये ते किलोवॅट-अवरवर येते, पण घरातला मीटर मात्र गॅसचे आकारमान मोजतो, आणि तो दोनपैकी एका प्रकारचा असू शकतो. नव्या मीटरवर घनमीटरचे चिन्ह असते आणि मुख्य आकडे सहसा पाच असतात. जुन्या मीटरवर घनफुटाचे चिन्ह असते, मुख्य आकडे सहसा चार असतात, आणि त्याचा एक युनिट म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर.

बिलात हे आकारमान आधी घनमीटरमध्ये आणले जाते, मग त्याला १.०२२६४ ने आणि गॅसच्या उष्मांकाने (हा आकडा सहसा ३९च्या आसपास असतो) गुणून शेवटी ३.६ ने भागले जाते. हे सगळे स्वतः करण्याची गरज नाही. मेट्रिक मीटरचा एक युनिट सुमारे ११ किलोवॅट-अवर आणि जुन्या मीटरचा एक युनिट सुमारे ३२ किलोवॅट-अवर, एवढेच लक्षात ठेवावे. मीटर महिन्यात ४० युनिट पुढे गेला तर पहिल्या प्रकारात सुमारे ४५० आणि दुसऱ्या प्रकारात सुमारे १,२७० किलोवॅट-अवरचे बिल होईल. कंपनीच्या दप्तरी मीटरचा प्रकार चुकीचा नोंदला गेला असेल तर बिल जवळजवळ तिप्पट येते किंवा एक-तृतीयांश येते, आणि बिल कमी आले म्हणून आनंद मानू नये, कारण चूक उघडकीस आल्यावर फरकाची मागणी होऊ शकते. म्हणून किल्ल्या हातात आल्या त्याच दिवशी मीटरचा असा फोटो काढावा की आकडे, एककाचे चिन्ह आणि मीटरचा क्रमांक तिन्ही स्पष्ट दिसतील, आणि पहिल्या बिलावर छापलेला प्रकार त्याच्याशी ताडून पाहावा. मीटर अनेकदा घराबाहेरच्या पेटीत किंवा जिन्याखालच्या कपाटात असतो.

घराच्या क्षेत्रफळाबाबत आपली सवय उपयोगी पडते. जाहिरातीतल्या नकाशावर चौरस फूट आणि चौरस मीटर दोन्ही असतात, तर ऊर्जा प्रमाणपत्रावर फक्त चौरस मीटर; एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. इंग्लंडमध्ये अनेक कुटुंबांनी मिळून राहण्याच्या परवानाधारक घरात एका प्रौढाच्या झोपण्याच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर आणि दोघांच्या खोलीला १०.२२ चौरस मीटर जागा लागते. हे आकडे इतके विचित्र का, असे वाटले तर त्यांचे चौरस फूट करून पाहावेत: ते अनुक्रमे ७० आणि ११० येतात. कायदा मेट्रिकमध्ये लिहिला तरी लिहिणाऱ्याच्या डोक्यात फूटच होते, हे यावरून दिसते. एका खोलीचे भाडे ठरवताना हा नियम माहीत असलेला बरा.

पलंग आणि चादरी घेताना मात्र जपून राहावे. ब्रिटिश डबल गादी साडेचार फूट, म्हणजे १३५ सेंटिमीटर रुंद आणि १९० लांब असते. किंग पाच फूट रुंद, म्हणजे १५० बाय २००. सुपरकिंग सहा फूट, म्हणजे १८० बाय २००. युरोपीय मापाची डबल गादी १४० बाय २०० असते. दुकानात दोन्ही मापांचे पलंग मिळू शकतात, त्यामुळे पाकिटावरचे नाव न वाचता सेंटिमीटर वाचावेत. फरक पाच-दहा सेंटिमीटरचाच असतो, पण चादर चारही कोपऱ्यांत बसत नाही ती त्यामुळेच.

चौथी पायरी: दवाखान्यात मेट्रिकच बोला

बोलण्यातले वजन स्टोन आणि पाउंडमध्ये असते. एक स्टोन म्हणजे १४ पाउंड, ६.३५ किलो. ‘इलेव्हन स्टोन’ म्हणजे ७० किलो, एवढा एक खुंटा पक्का केला की पुढेमागे प्रत्येक स्टोनला सव्वासहा किलोंची बेरीज-वजाबाकी करून अंदाज येतो. मित्रमंडळींत हे पुरते. दवाखान्यात नोंद किलो आणि सेंटिमीटरमध्ये होते, म्हणून तिथे सरळ तेच सांगावे. कोणी विचित्र नजरेने पाहत नाही. बाळ जन्मल्यावर रुग्णालय वजन ग्रॅममध्ये नोंदवते, पण सहकारी आणि शेजारी ‘किती पाउंड?’ असेच विचारतील. साडेसात पाउंड म्हणजे ३.४ किलो.

तापाच्या बाबतीत उलटे आहे. तिथे जुने माप आपण वापरतो. महाराष्ट्रात ‘मुलाला १०१ ताप आहे’ असे म्हटले की कोणालाही कळते, पण इथल्या १११ या आरोग्य क्रमांकावर तसे सांगितले तर पलीकडची व्यक्ती क्षणभर थबकते. आरोग्यसेवेची सारी सूचनापत्रे सेल्सिअसमध्ये असतात: ३८ म्हणजे आपला १००.४, ३९ म्हणजे १०२.२, ४० म्हणजे १०४. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ किंवा अधिक आणि तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला ३९ किंवा अधिक ताप असेल तर लगेच संपर्क साधावा, अशी सूचना आहे. भारतातून आणलेला थर्मामीटर सेल्सिअसवर लावून ठेवावा आणि घरातल्या सर्वांना हे तीन आकडे पाठ करायला सांगावेत.

आई-बाबा काही महिने राहायला आले असतील तर आणखी एक गोष्ट. तिचा फूट-पाउंडाशी संबंध नाही, तरी ती इथेच सांगून ठेवतो. रक्तातली साखर भारतात मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये सांगतात, ब्रिटनमध्ये मिलिमोल प्रति लिटरमध्ये. आपल्या आकड्याला १८ ने भागले की इथला आकडा मिळतो. १२६ म्हणजे ७. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या चाचणीत भारतातले ६.५ टक्के हे इथे ४८ म्हणून लिहिले जातात. जुने रिपोर्ट डॉक्टरांना दाखवताना एकक ठळकपणे सांगावे.

पाचवी पायरी: बाजार, पब आणि स्वयंपाकघर

१ जानेवारी २००० पासून सुटा भाजीपाला, मांस आणि किराणा मेट्रिक मापाने विकणे बंधनकारक आहे. पाउंडाचा भाव शेजारी लिहिता येतो, पण एकटा नाही. त्याच वर्षी सुंदरलँडचे फळविक्रेते स्टीव्ह थोबर्न फक्त पाउंडाच्या काट्यावर केळी विकताना पकडले गेले, २००१ मध्ये दोषी ठरले आणि २००२ मध्ये उच्च न्यायालयातही हरले. वृत्तपत्रांनी त्यांना आणि त्यांच्या साथीदारांना हुतात्म्यांची पदवी दिली. पुढे सरकारने २०२२ मध्ये जुन्या मापांना अधिक मोकळीक द्यावी का, असा प्रश्न जनतेला विचारला. एक लाखाहून अधिक उत्तरे आली आणि त्यांतल्या सुमारे ९९ टक्के लोकांनी मेट्रिकच्या बाजूने कौल दिला. मापांवरून पेपरांत जेवढा आवेश दिसतो तेवढा भाजीच्या रांगेत नसतो, असा निष्कर्ष त्यावरून काढायला हरकत नाही. मंडईत एखादे आजोबा ‘अ पाउंड ऑफ टोमॅटोज’ म्हणाले तर विक्रेता निमूटपणे साधारण ४५० ग्रॅम तोलून देतो. आपण ‘हाफ अ किलो’ म्हणावे, काम होते.

बंद पाकिटांवर विचित्र आकडे दिसले तर त्यांच्या पोटात जुने माप दडलेले असते. मुरंब्याच्या बरणीवरचे ४५४ ग्रॅम म्हणजे एक पाउंड, आणि दुधाच्या मोठ्या बाटलीवरचे २.२७२ लिटर म्हणजे चार पाइंट. दूध घेताना लोक ‘फोर पाइंट्स’ असेच म्हणतात. भाव ताडून पाहायचा असेल तर फडताळावरच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात दिलेला लिटरचा किंवा किलोचा दर वाचावा.

पबमध्ये नळातून काढलेली बिअर आणि सायडर पाइंट, अर्धा पाइंट, एक-तृतीयांश किंवा दोन-तृतीयांश पाइंट अशाच मापांत विकता येते. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. त्याच टेबलावर वाइन १२५ किंवा १७५ मिलिलिटरच्या मापात येते आणि व्हिस्की, जिन, रम, व्होडका २५ किंवा ३५ मिलिलिटरच्या. भारतातला ३० आणि ६०चा पेग डोक्यात ठेवून हिशेब केला तर तो चुकतो. इथला डबल ५० किंवा ७०चा असू शकतो, आणि ते पबगणिक बदलते. गाडी चालवायची असेल तर हा हिशेब करूच नये.

ओव्हनवर सेल्सिअस असते, पण गॅसच्या ओव्हनवर आणि जुन्या पाककृतींत ‘गॅस मार्क’ भेटतो: मार्क ४ म्हणजे १८० अंश, ६ म्हणजे २००, ७ म्हणजे २२०. ओव्हन पंख्याचा असेल तर यातून २० अंश वजा करावेत. घरोघरी चालत आलेल्या केकच्या कृती औंसात असतात. एक औंस २८ ग्रॅम.

सोन्याच्या बाबतीत एक गफलत टाळावी. महाराष्ट्रातला सराफ आज तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतो. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या किंवा साउथॉलच्या दक्षिण आशियाई सराफांकडे तोळा म्हटला की तो सहसा जुना, ११.६६ ग्रॅमचा असतो, ट्रॉय औंसाचा, म्हणजे सोने-चांदी तोलायच्या वेगळ्या औंसाचा, तीन-अष्टमांश. भाव नेहमी ग्रॅममध्ये विचारून घ्यावा.

सहावी पायरी: चारचौघांत

‘तू किती उंच?’ या प्रश्नाचे उत्तर फूट-इंचांतच द्यावे. सेंटिमीटर सांगितले तर समोरच्याला ते मनात उलटवावे लागते. घर कामाच्या ठिकाणापासून किती लांब, हे मैलांत सांगावे, किंवा त्याहून बरे म्हणजे मिनिटांत. धावणाऱ्या मंडळींमध्ये गंमत अशी की शनिवारच्या सकाळची सार्वजनिक धाव पाच किलोमीटरची असते, मॅरेथॉन मात्र २६.२ मैलांची, आणि एकच माणूस दोन्हींबद्दल एकाच दमात बोलतो. घरात सुतारकाम किंवा डागडुजी करून घेत असाल तर कारागीर बोलताना चार बाय दोन इंचांच्या लाकडाला ‘फोर बाय टू’ म्हणेल, पण मोजपट्टी मिलिमीटरची काढेल. आपणही कागदावर मिलिमीटरच लिहून द्यावेत. उन्हाळ्यात पारा चढला की काही वृत्तपत्रे अचानक फॅरनहाइटचे मथळे देतात, कारण शंभरी ओलांडल्याचा आकडा अधिक तापलेला दिसतो. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधल्या कॉनिंग्जबी इथे ४०.३ अंश सेल्सिअसची राष्ट्रीय विक्रमी नोंद झाली, तेव्हाही ते झाले. हिवाळ्यात तीच वृत्तपत्रे थंडीसाठी सेल्सिअसकडे परततात, कारण तिथे उणे आकडे मिळतात.

मुले शाळेत जाऊ लागली की घरातला हा भार आपोआप हलका होतो. शाळेत सगळे शिक्षण मेट्रिकमध्ये चालते, आणि इंग्लंडच्या अभ्यासक्रमात पाचव्या वर्षाच्या, म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या मुलांना इंच, पाउंड आणि पाइंट यांचे मेट्रिकशी ढोबळ रूपांतर शिकवतात. तो गृहपाठ त्यांच्यासोबत बसून करावा.